न फुंकलेली खुर्ची

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी स्वतः त्या टेबलाशी बसले होते.

आता मी ऐंशी ओलांडली आहे. काल रात्री काय जेवले ते सांगता येणार नाही, पण त्या संध्याकाळच्या बीटाच्या साराचा वास अजून नाकात आहे. सार, मेणबत्ती आणि ओल्या लोकरीचा वास.

साल १९६२. चोवीस डिसेंबर. पोलंडमधले क्राकूव शहर, राजवाड्याच्या टेकडीखालची एक गल्ली.

आम्ही तिघी वूच शहरातल्या कापडगिरणीत कामाला होतो. मी, म्हणजे फेला, रेगिना आणि ओतिल्या. मागांच्या आवाजात दिवसभर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे रस्त्यातही लोक वळून पाहायचे. ओतिल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. ती कशालाच घाबरायची नाही आणि कशाचीच भीड ठेवायची नाही. रेगिना देवभोळी. ओतिल्या तिला 'सिस्टर' म्हणायची.

जानेवारीत ओतिल्याचे लग्न होते. तिच्या नवऱ्या मुलाचे, झेनेकचे, काम दूर समुद्राकाठी लागणार होते. आता पुन्हा तिघींनी मिळून कुठे जाणे होणार नाही, म्हणून दोन दिवस क्राकूव पाहून यायचे ठरले. चोवीस तारखेला दुपारची गाडी पकडायची आणि विगिलियाच्या, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या, जेवणाला आपापल्या घरी पोचायचे.

ते दोन दिवस मला अजून पुरतात. राजवाडा पाहिला, खाली ड्रॅगनची गुहा पाहिली. खसखस लावलेली पावाची गोल कडी हातात घालून, खात खात चौकभर हिंडलो. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचे नाताळचे देखावे पाहिले. आणि तुतारी ऐकली. तिथल्या चर्चच्या उंच बुरुजावरून दर तासाला एक तुतारी वाजते आणि सूर रंगात आला की एकदम तुटते. कोणे एके काळी ती वाजवणाऱ्याच्या गळ्यात शत्रूचा बाण घुसला आणि सूर तिथे तुटला, असे म्हणतात. तेव्हापासून तो तिथेच तोडतात.

ओतिल्याला त्या तुटक्या सुराचे वेडच लागले होते.

"जाता जाता अजून एकदा ऐकू ना," निघायच्या दिवशी ती म्हणाली.

"काल दिवसभर तेच ऐकलंस," रेगिना म्हणाली. "दर वेळी तिथेच तुटते. आज काय वेगळं होणारे?"

"आज कदाचित पुढचं वाजवतील."

"वाजवतील. तुझं लग्न आहे म्हणून."

बाराची तुतारी ऐकली. तिथेच तुटली. मग स्टेशनवर गेलो, तर गाडी नव्हती.

सकाळपासून बर्फ पडत होता आणि पुढे कुठेतरी रूळ गाडले गेले होते.

"आता उद्या सकाळी," खिडकीतला बाबू म्हणाला. "घरी जा पोरींनो."

"आमचं घर वूचला आहे," मी म्हटले.

"मग देवाच्या घरी जा. आज तेच रात्रभर उघडं असतं." आणि त्याने खिडकी खाली ओढली. त्यालाही घरी जायचे होते.

आम्ही उतरलो होतो ते गिरणीकामगारांचे विश्रामगृह दुपारीच बंद झाले होते. रेगिनाच्या डोळ्यांत पाणी आले. विगिलियाला घराबाहेर राहायची आमची कुणाचीच पहिली वेळ.

ओतिल्या मात्र हसत होती. "रडतेस काय, सिस्टर? आज कुठल्याही दारावर थाप मार. ताट मांडलेलंच असतं."

हे खरे होते. आमच्याकडे त्या संध्याकाळी प्रत्येक घरात एक ताट जास्तीचे मांडतात, वाट चुकलेल्या माणसासाठी. त्या दिवशी आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. आम्ही लहानपणापासून ते रिकामे ताट बघत आलो होतो. त्या ताटावर बसायला कुणी खरोखर आलेले मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते.

चारच्या सुमारास अंधारले. रस्ते ओस पडले. बंद दारांमागे चमचे वाजत होते, कुठे नाताळची गाणी चालू होती. पहिल्या दारावर एका बाईने आम्हाला पाहून कपाळाला हात लावला.

"अगं बायांनो, आमच्याकडे एक शिपाई आधीच येऊन बसलाय. सगळा मासा संपवायला निघालाय मेला. एकीला घेते आत, तिघींना कुठे बसवू?"

एकीने जायचे आणि दोघींनी बाहेर राहायचे, हे काही आम्हाला जमणारे नव्हते.

तशाच पुढे गेलो. गल्ली, मग एक कमान, कमानीतून आत अंगण. अंगणाच्या टोकाला तळमजल्यावर एक खिडकी. खिडकीत मेणबत्ती.

ओतिल्याने थाप मारायला हात उचलला…

आणि दार उघडले.

दारात एक म्हातारी होती. ठेंगणी, स्वच्छ, पांढरा कडक ॲप्रन. तिने आमच्याकडे पाहिले. मग आमच्या मागे, रिकाम्या अंगणात पाहिले. जणू अजून कुणी येते आहे का ते पाहत होती.

"या," ती म्हणाली. "सार गार होईल."

आत ऊब होती, कोपऱ्यात चूल पेटली होती. टेबलावर पांढरे कापड, कापडाखाली येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून पसरलेल्या वाळलेल्या गवताचा उंचवटा, आमच्या आईच्या घरी असायचा तसाच. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या. पाच ताटे. आणि घरात म्हातारी एकटी.

"आजी, तुमच्याकडे पाहुणे येणारेत का?" मी विचारले. "आम्ही कुणाची जागा तर घेत नाही ना?"

"पाहुणे कसले. माझीच माणसं." तिने खुर्च्यांकडे बोट केले. "हा नवरा. हे दोघे मुलगे. आणि खिडकीजवळ साबिना, माझी मुलगी. युद्धात गेली सगळी, एकामागून एक. दर वर्षी मांडते. तुम्ही बसा खुशाल. फक्त आधी फुंका हं. माझी माणसं मायाळू आहेत. फुंकलं की उठतात, जागा देतात."

फुंकण्याचे आम्हाला नवल नव्हते. विगिलियाला मेलेली माणसे घरी जेवायला येतात. म्हणून बसण्याआधी खुर्चीवर हळूच फुंकर घालायची, म्हणजे कुणी बसले असेल तर चिरडले जाणार नाही. माझी आजी हे न चुकता करायची. मी फुंकले आणि बसले. रेगिनाने क्रूसाची खूण केली, फुंकले आणि बसली.

ओतिल्या मागे दाराशी भिजलेले बूट ओढत होती. ती तशीच मोज्यांवर धावत आली. "सरका गं, पाय गारठले," असे म्हणत खिडकीजवळच्या खुर्चीत धपकन बसली.

तिने फुंकले नाही.

म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

"तिथे नव्हतं बसायचं," ती हळू म्हणाली. "निदान फुंकायचं तरी. ती उठत नाही गं पटकन. लहानपणापासून तशीच. हट्टी."

"राहू द्या आजी," ओतिल्या हसली. "मी पण हट्टीच आहे. आमचं जमेल. आणि मला जपा हं, पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.

"साबिनाचंही ठरलं होतं," ती म्हणाली.

मग तिने ओपवातेक आणला. तो पिठाचा, पापुद्र्यासारखा पातळ, पांढरा तुकडा एकमेकींच्या हातचा मोडून खायचा आणि एकमेकींचे भले चिंतायचे. मी ओतिल्याच्या हातचा मोडायला गेले आणि माझी बोटे तिच्या बोटांना लागली.

बर्फासारखी गार होती… खोलीत चूल पेटलेली असूनही.

जेवण सुरू झाले. सार, मग कोबी, मग मासा. म्हातारी आत जायची, एक एक पदार्थ आणायची. आम्ही बसून होतो. हाही आमच्याकडचा नियमच. घरची बाई सोडून कुणीही जेवण संपेपर्यंत उठायचे नाही. जो आधी उठेल, तो पुढची विगिलिया पाहणार नाही. लहानपणी आम्ही लघवी आवरून बसायचो, पण उठायचो नाही.

ओतिल्या गप्प झाली होती.

मी तिला ओळखत होते तेव्हापासून ती कधी जेवताना गप्प बसली नव्हती. आणि कार्प मासा तिला आवडत नव्हता. चिखलाची चव लागते म्हणायची. तिने तो काटे निवडून, हळूहळू, पूर्ण संपवला. बोटे चाटली.

म्हातारी तिच्याकडे पाहत होती. "असाच खायची," ती पुटपुटली. "शेवटचं सुक्या फळांचं गोड पाणी आणते." आणि आत गेली. दार मागे लागले.

आत पळी वाजली. मग नाही वाजली.

आम्ही वाट पाहिली.

"फेला," ओतिल्या कुजबुजली. तिचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "फेला, मी खुर्चीत नाही बसलेले."

"काय?"

"मी कुणाच्या तरी मांडीवर बसलेय."

मी हसायला पाहिले. हसू आले नाही.

"तिने हात घातलेत," ओतिल्या म्हणाली. "इथे. कमरेभोवती. घट्ट."

टेबलावरचे कापड तिच्या पोटापाशी चुरगळले होते. तिचे दोन्ही हात तर टेबलावर होते…

"ऊठ," मी म्हटले. "ऊठ आत्ताच्या आत्ता."

"उठायचं कसं? आधी उठेल तिला…" एरवी साऱ्या जगाची टिंगल करणारी ओतिल्या हे म्हणत होती. "जानेवारीत लग्न आहे माझं, फेला. मला मरायचं नाही."

"म्हातारीला बोलाव," रेगिना म्हणाली.

"आजी!" मी हाक मारली. पुन्हा मारली.

चुलीत लाकूड नीट जळत होते, मेणबत्ती स्थिर होती, दाराला कडीसुद्धा नव्हती. आणि आम्हाला हलता येत नव्हते. मी उठले तर मी मरणार. तिला उठवायला रेगिना उठली तर रेगिना. आज हे लिहिताना वेडेपणा वाटतो. तेव्हा त्या खोलीत तो वाटला नाही.

तेवढ्यात दूरवरून तुतारी आली. तासाची.

आम्ही तिघींनी नकळत मान वर केली. तोच सूर. चढत गेला, रंगात आला, तुटायच्या जागी आला…

आणि तुटला नाही.

पुढे वाजत राहिला.

फार सुंदर होता तो पुढचा भाग. एवढेच मला आठवते. तो कसा होता ते मला कधीही गुणगुणता आलेले नाही. रेगिनाने हातांनी कान झाकले. ओतिल्या ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू शांत होत गेला, झोप लागताना माणसाचा होतो तसा.

"हात द्या," रेगिना एकदम म्हणाली. "तिघी एकदम उठू. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. ओतिल्या, हात दे. दे म्हणते ना."

आम्ही टेबलावरून हात धरले. रेगिनाने देवाचे नाव घेतले आणि आम्ही उठलो.

ओतिल्याही उठली. मला वाटले होते ओढावे लागेल. पण ती अगदी सहज आली. कापसासारखी.

आणि तिच्यामागे खुर्ची करकरली.

रिकामी झालेली खुर्ची करकरते तशी नाही. बसलेले माणूस अंग चोरते, तेव्हा करकरते तशी.

मी मागे पाहिले नाही. बूट हातात घेतले. दाराकडे जाताना स्वयंपाकघराची फट दिसली. म्हातारी आतच होती. गोड पाण्याचे भांडे हातात धरून, भिंतीकडे तोंड करून उभी.

"निघालात?" तिने न वळता विचारले.

"हो आजी."

"सगळ्या?"

मी दार उघडले.

ती रात्र आम्ही चर्चमध्ये काढली, स्टेशनवरच्या बाबूने सांगितले होते तसेच. गर्दी होती, गाणी होती, दिवे होते. ओतिल्या आमच्यामध्ये बसली होती. एकदाही कुजबुजली नाही, एकदाही कुणाच्या टोपीला हसली नाही.

सकाळी लक्षात आले, तिचा करडा मफलर त्या घरी राहिला. तिच्या आईने विणलेला. मी म्हटले, राहू दे. रेगिना म्हणाली, नाही, आईला काय सांगेल ती. दिवसाउजेडी भीतीही उरली नव्हती. अंगणात ऊन पडले होते आणि कोपऱ्यात कुणाचे तरी मांजर अंग शेकत होते.

म्हातारीने दार उघडले. तोच ॲप्रन. ती रात्रभर झोपली नसावी.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "तुमची मैत्रीण अजून आत बसलीय. किती सांगितलं, उठतच नाही. घेऊन जा तिला. माझ्याच्याने बघवत नाही, सारखी रडतेय."

ओतिल्या आमच्या मागे कमानीत उभी होती. बर्फावर पाय आपटत.

रेगिना आत गेली. मी उंबऱ्याबाहेर थांबले. आत काहीच आवाज झाला नाही. बराच वेळ झाला नाही. मग रेगिना बाहेर आली. हातात मफलर होता.

"खुर्ची रिकामी आहे," ती म्हणाली. "म्हातारीला भ्रम झालाय. चला."

तिचे दात वाजत होते. तिने मफलर ओतिल्यापुढे धरला.

ओतिल्याने त्याच्याकडे पाहिले. "माझा नाही हा," ती म्हणाली.

रेगिनाने तो स्वतःच्या गळ्यात गुंडाळला.

गाडीत ओतिल्या खिडकीशी बसली. बाहेर पांढरी शेते मागे जात होती. ती गुणगुणायला लागली. तुतारीचा सूर. चढला, रंगात आला, तुटायची जागा आली…

आणि पुढे गेला.

तिचे लग्न थाटात झाले. झेनेकचे समुद्राकाठचे काम रद्द झाले आणि ती वूचमध्येच राहिली, माझ्या घराच्या मागच्या रस्त्यावर. संसार चांगला केला. दोन मुली, दोघी गुणी. सगळे म्हणायचे, लग्नाने पोरगी शहाणी झाली. आवाज मऊ झाला. कुणाला टोमणा मारणे नाही. दर शुक्रवारी कार्प मासा.

एकदा मटणाच्या रांगेत तिची आई माझ्या पुढे उभी होती. म्हणाली, "फेला, क्राकूवहून कुणाला घेऊन आलात गं?" आणि हसली. पण माझे मनगट तिने दुकानाच्या दारापर्यंत सोडले नाही.

आम्ही तिघी पुढे जवळजवळ प्रत्येक विगिलियाला भेटत राहिलो. आधी मुलांच्या गोंगाटात, मग नातवंडांच्या. रेगिना ओपवातेकचा एक तुकडा नेहमी जास्त मोडायची आणि बाजूला ठेवायची. एका वर्षी स्वयंपाकघरात मी विचारले, "हा कुणाचा?"

"ओतिल्याचा," ती म्हणाली.

ओतिल्या बाहेर टेबलाशी बसली होती. तिच्या हसण्याचा आवाज आत येत होता.

मी रेगिनाकडे पाहिले. तिने पाण्याचा नळ सोडला आणि भांडी धुवायला घेतली. त्या खोलीत तिने काय पाहिले, ते तिने मला शेवटपर्यंत सांगितले नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मुलीने मला तो करडा मफलर आणून दिला. आईने तुम्हालाच द्यायला सांगितला होता, म्हणाली.

गेल्या विगिलियाला माझी मुले येऊ शकली नाहीत. ओतिल्याचीही परदेशात होती. आम्ही दोघीच. मी सार वाढायला उठले. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. पांढरे केस, बारीक मान, थकलेले खांदे. साठ वर्षांची सोबत. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रात्र रात्र जागली होती ती. माझ्या मुलांना तिनेच पोहायला शिकवले होते.

मला काय झाले कळत नाही. मी तिच्या खुर्चीमागे थांबले. वाकले.

आणि हळूच फुंकर घातली.

तिचा एक केसही हलला नाही…

तिने वळून पाहिले नाही. चमचा ताटाशेजारी ठेवला. नीट, आवाज न करता.

"उठू का, फेला?" तिने विचारले.

ती उठली असती तर त्या खुर्चीत कोण उरले असते? माझी विशीतली मैत्रीण, मोज्यांवर धावत आलेली? की कुणीच नाही?

"बस," मी म्हटले. "सार गार होईल."

ती बसली. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर हात धरून, दोघी एकदम उठलो. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

यंदाही ती येणार आहे. बीट आंबवायला बरणीत घालून ठेवले आहेत, गवतही आणून ठेवले आहे. ताटे तीन मांडणार. तिसऱ्या खुर्चीच्या पाठीवर करडा मफलर टाकला आहे.

त्या खुर्चीवर मी फुंकणार नाही.